पोल्ट्रीवरच्या मजुरांना फ्लूची लस द्या

महोदय,

फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला, तेव्हा मी शेजारच्या साक्री तालुक्यात आरोग्यसेविका होते. चुना टाकलेले खड्डे, पोत्यांत भरलेल्या मेलेल्या कोंबड्या. तो वास अजून नाकात आहे. माणसाला लागण झाली नाही, हे आपलं नशीब. 2021 मध्ये रोग नवापुरात परत आला. दोन्ही वेळा धावपळ सुरू झाली ती कोंबड्या मरायला लागल्यावर.

माझी मागणी एवढीच की, पोल्ट्रीवरच्या मजुरांना दरवर्षी पावसाळ्याआधी साध्या फ्लूची लस मोफत मिळावी. राज्यात गरोदर महिलांना ती मोफत दिली गेली आहे, मग यांना का नाही? ही लस बर्ड फ्लू अडवत नाही, हे खरं. पण एकाच माणसाच्या अंगात पक्ष्यांचा आणि माणसांचा फ्लू एकदम शिरला, तर दोन्हींची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. 1957 आणि 1968 च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच सरमिसळीतून आले होते.

आता भीतीबद्दल. "सुई टोची आन् ताप उना," असं कित्येक बायांनी मला ऐकवलं. आम्ही "काही होत नाही गं" म्हणून विषय मिटवायचो. ते आमचं चुकलं. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण वाटते, हे आधी सांगायला हवं होतं. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. मात्र लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात. तेवढ्यात कुणी तापाने पडलं की बोल लशीला लागतो.

1976 ची गोष्टही लपवू नये. अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस चार कोटींहून जास्त लोकांना दिली आणि लाखात साधारण एकाला जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला. मोहीम थांबवावी लागली. आजच्या लशीत हा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोघांना. खुद्द फ्लूमुळे जीबीएस होण्याची शक्यता त्याहून जास्त आहे. मजूर अडाणी असला तरी हा हिशेब त्याला कळतो, सांगणारा हवा.

आणि लस पोल्ट्रीवरच जाऊन द्यावी. दवाखान्यात यायचं म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडते.

- एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. साक्री, जि. धुळे