पापुआच्या फोटोत मागं उभं असलेलं पोर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत इंडोनेशियातल्या पापुआवर पानभर मजकूर होता. मोठा रंगीत फोटो, पिसांचे टोप घातलेले पुरुष, अंगावर पांढऱ्या मातीचे पट्टे आणि खाली ओळ होती की ही माणसं अजून अश्मयुगात राहतात. मला ती ओळ फार लागली, म्हणून लिहायला बसले. मी मेळघाटात बावीस वर्षं आरोग्यसेविका होते आणि आता निवृत्त आहे. पापुआला मी गेलेली नाही, पण 2018 च्या जानेवारीत तिथल्या आस्मत जिल्ह्याची बातमी वाचली तेव्हापासून त्या भागाबद्दल हाती लागेल ते सगळं वाचत आलेय, कारण त्या बातमीतलं प्रत्येक वाक्य मला ओळखीचं वाटलं होतं.

बातमी अशी होती की सप्टेंबर 2017 पासून पुढच्या चार-पाच महिन्यात आस्मतमध्ये गोवर आणि कुपोषणाने सत्तरच्या वर मुलं गेली. गोवरने, ज्याची लस आपण नऊ महिन्याच्या बाळाला उजव्या दंडात टोचतो आणि आई दोन दिवस ताप येईल म्हणून घाबरते, बस एवढंच. त्या लसीअभावी मुलं मेली आणि ती सुद्धा गुपचूप, गावातल्या गावात, बाहेर कळेपर्यंत कित्येक आठवडे गेले. मग लष्कराचे डॉक्टर गेले, मंत्री गेले, कॅमेरे गेले. फेब्रुवारीत जकार्ताजवळ एका समारंभात युनिव्हर्सिटी ऑफ इंडोनेशियाच्या एका विद्यार्थ्याने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांना रेफ्री दाखवतो तसं पिवळं कार्ड दाखवलं, त्यात आस्मतचा विषय होता.

आता तो भाग कसा आहे ते सांगते. पापुआच्या दक्षिण किनाऱ्यावर अराफुरा समुद्राला लागून हा सगळा दलदलीचा प्रदेश, भरतीचं पाणी नद्यांमधून आत घुसतं आणि ओहोटीला नुसता चिखल उरतो. आगात्स हे जिल्ह्याचं गाव, ते सुद्धा चिखलात रोवलेल्या खांबांवर उभं आहे, रस्ते म्हणजे पायाखाली फळ्या किंवा त्यावर काँक्रीट. प्यायला पावसाचं पाणी साठवायचं, नदीचं पाणी गढूळ आणि मचूळ. पाऊस लांबला की काय प्यायचं हा प्रश्न, म्हणजे चहूकडं पाणी आणि घागर रिकामी. आणि त्या दलदलीत दगड नाहीच, पूर्वी कुऱ्हाडीला दगड लागायचा तो डोंगरातल्या लोकांकडून अदलाबदलीत आणावा लागायचा. अश्मयुग लिहिणाऱ्याला एवढं तरी माहीत हवं होतं. हे लोक लाकडाचे कलाकार आहेत, त्यांच्या कोरीव कामाचे खांब जगभरातल्या म्युझियममध्ये उभे आहेत, पण ते खांब कोरणाऱ्या हातांच्या घरात मूल सहा किलोचं का राहतं हे म्युझियममध्ये कोणी विचारत नाही.

त्यांचं मुख्य अन्न सागो. आपण एकादशीला साबुदाणा खातो तो आता टॅपिओकाच्या कंदाचा असतो, तमिळनाडूत सेलमकडं बनतो, पण खरा सागो हा त्यांच्या दलदलीत वाढणाऱ्या झाडाच्या बुंध्यातला गर. झाड पाडायचं, बुंधा फोडायचा, गर कुटायचा, पाण्याने धुवून खाली बसलेलं पीठ घ्यायचं, या कामात बायांचे दिवसच्या दिवस जातात. पोट भरतं पण हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, ज्यांनी उपासाच्या दिवशी नुसत्या खिचडीवर दिवस काढलाय त्यांना कळेल. पूर्वी सोबत मासे, खेकडे, रानडुक्कर, सागोच्याच कुजलेल्या बुंध्यातल्या अळ्या असायच्या आणि त्या अळ्या बघून नाक मुरडू नका, लहान मुलांसाठी प्रोटीन आणि चरबी त्यातच असते. मग सरकारी स्वस्त तांदूळ आला, पाकिटातल्या नूडल्स आल्या, पोरं त्यावर मोठी व्हायला लागली. मेळघाटात आमच्या डोळ्यांदेखत कोदो-कुटकी ही भरडधान्यं मागं पडली आणि रेशनचा तांदूळ, दुकानातले पुडे आले, तसंच.

सागोसाठी कुटुंबच्या कुटुंब आठवडे आठवडे जंगलात मुक्कामाला जातं, पोरंबाळं घेऊन. आता विचार करा, महिन्यातून एकदा लसीकरणाचा दिवस. आपल्याकडं जशी पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तशी तिकडं पुस्केस्मस, आणि गावात महिन्याला वजन-लसीचा जो दिवस भरतो त्याला पोस्यांडू म्हणतात. नर्स होडीतून तासनतास प्रवास करून गावात पोचते आणि गाव रिकामं. हे मी स्वतः भोगलंय. दिवाळीनंतर कोरकू आदिवासी कुटुंबं कामाला बाहेर जायची ती होळीला परत यायची, मी बर्फाच्या डब्यात लस घेऊन ढान्यावर, म्हणजे पाड्यावर, जायचे तर दाराला काटक्या लावलेल्या, एक म्हातारी आणि दोन शेळ्या. रजिस्टरमध्ये 'गैरहजर' लिहायचं आणि परत फिरायचं. पण लिहिताना माझ्याच मनाला टोचायचं की गैरहजर नेमकं कोण, ते की आपण? लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते, बाटली एकदा फोडली की चार तासात संपवायची, बर्फ वितळला की सगळं फेकायचं. गाव मोकळं आहे हे आधी कळलं तर तारीख बदलता येते, जंगलातल्या मुक्कामावर जाता येतं. पण त्यासाठी होडी पाहिजे, होडीला पेट्रोल पाहिजे. पापुआच्या आतल्या भागात पेट्रोल लिटरला पन्नास हजार रुपयाच्या वर विकलं जायचं, म्हणजे त्यांचे रुपये, आणि जकार्तात तेव्हा साडेसहा हजारच्या आसपास. 2016 मध्ये सरकारने देशभर एकच भाव जाहीर केला, चांगलं केलं, पण पंपापासून लांब हातोहात विकणाऱ्याचा भाव कागदावर ठरत नाही.

यावर सगळेजण एकच म्हणतात, काय करणार, भाग फार दुर्गम आहे. मला या शब्दाचा राग येतो. आस्मतला लागूनच मिमिका जिल्हा आहे, तिथं डोंगरात चार हजार मीटर उंचीवर ग्रासबर्गची खाण आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या सोन्याच्या आणि तांब्याच्या खाणींपैकी एक. तिथून शंभर किलोमीटरहून लांब पाइपातून माल समुद्रापर्यंत येतो, रस्ता आहे, विमानतळ आहे, कामगारांसाठी आखीव गावं आणि हॉस्पिटल आहे. म्हणजे सोनं खाली आणायचं तर त्या डोंगरात वाट निघते आणि लसीचा डबा न्यायचा म्हटलं की भाग दुर्गम होतो. त्या खाणीचा करार 1967 सालचा आणि पापुआच्या लोकांना इंडोनेशियात राहायचंय का हे 'विचारलं' 1969 साली, ते सुद्धा लष्कराच्या नजरेखाली निवडलेल्या हजार-एक माणसांना. म्हणजे करार आधी आणि माणसं नंतर. 2001 मध्ये विशेष स्वायत्ततेचा कायदा झाला, त्याखाली दरवर्षी पैसा येतो, 2022 मध्ये पापुआचे तुकडे करून नवे प्रांत केले, आस्मत आता दक्षिण पापुआत आहे. ऑफिसं वाढली, खुर्च्या वाढल्या. गावातली नर्स वाढली का एवढंच मला विचारायचंय. आणि लस न पोचायला दलदलच लागते असंही नाही, 2022 च्या शेवटी आपल्या गोवंडीत, भर मुंबईत, गोवरने मुलं दगावली.

2018 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एक उपाय सुचवला होता, विखुरलेली गावं उठवून लोकांना आगात्सजवळ आणून वसवायचं म्हणजे दवाखाना जवळ. जिल्हाप्रमुखांनी ते मानलं नाही आणि बरोबरच केलं. सागोचं झाड आगात्सच्या फळ्यांवर उगवत नाही, प्रत्येक कुळाचं जंगल, नदी ठरलेली आहे, दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन झाड पाडता येत नाही. मेळघाटात व्याघ्र प्रकल्पातली गावं उठवली तेव्हा काही गावचे लोक परत जंगलात गेले होते, ते का गेले हे आम्ही जवळून पाहिलंय. माणूस दवाखान्याजवळ आणण्यापेक्षा दवाखाना होडीत घाला, गावातल्याच दोन पोरींना शिकवा, त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार द्या, सागोच्या हंगामात त्या कुटुंबांबरोबर जंगलात जातील. बाहेरून नेमलेला माणूस पहिल्या पावसात निघून जातो आणि त्याला दोष द्यायलाही माझी जीभ वळत नाही, कारण त्याला राहायला घर नसतं, पगार वेळेवर नसतो.

शेवटी त्या फोटोबद्दल. नाचणाऱ्या माणसांच्या मागं डाव्या बाजूला एक पोर उभं आहे, तीनेक वर्षांचं असेल. पोट पुढं आलेलं आणि हात काडीसारखे. फोटोवरून निदान करू नये हे मला कळतं, जंत असतील, मलेरियाने पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली असेल, कुपोषण असेल, आणि इंडोनेशियातला बहुतेक सगळा मलेरिया त्या पापुआतच आहे. पण बावीस वर्षं अशी पोरं तराजूच्या झोळीत घातली, त्यामुळे माझी नजर पिसांवर गेलीच नाही. तुमच्या लेखकाची त्या पोरावर गेली नाही.

पापुआवर पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण त्या गावापासून पुस्केस्मस होडीने किती तासांवर आहे, तिथं नर्स शेवटची कधी आली होती आणि त्या पोराला गोवरची लस मिळाली का, एवढं विचारून मग छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. अमरावती