पहाट सोडा, ऊन धरा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

थंडी पडली की बाबा अंधारातच फिरायला निघतात आणि आई दिवसभर बंद खिडकीपाशी बसते. बाबांना हवा मिळते पण उजेड नाही, आईला ऊब मिळते पण बाकी काहीच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा, आधी तुमच्या वेळेबद्दल. पहाटेची हवा शुद्ध असते हे हिवाळ्यात बऱ्याचदा खरं नसतं. रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते. धूर आणि धूळ तिथेच कोंडून राहतात. ऊन पडून जमीन तापायला लागली की हवा वर-खाली हलते आणि ती कोंडी फुटते. शिवाय उठल्यानंतरचे पहिले काही तास रक्तदाब तसाही चढता असतो. त्यात गारव्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तेव्हा सूर्य उगवल्यावर तास-दीड तासाने निघा. एवढा एक बदल केलात तरी मी निर्धास्त होईन.

उजेडाचं म्हणाल तर, घरात दिवे लावले तरी साधारण १०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर तो हजारांत जातो आणि स्वच्छ उन्हात १०,००० च्या कितीतरी पुढे. डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला हा फरक कळत नाही, पण मेंदूतलं झोप-जागेचं घड्याळ याच उजेडावर लागतं. सकाळी पुरेसा उजेड डोळ्यांत गेला की रात्री झोप वेळेवर येते आणि दिवसाची मरगळ कमी होते. आई, संध्याकाळी सातलाच पेंगणं आणि मग पहाटे तीनला टक्क जाग, यावर मात्र सकाळचा नव्हे, दुपार कलल्यानंतरचा आणि संध्याकाळचा उजेड उपयोगी पडतो; गोळीच्या आधी तो करून बघावासा वाटतो. बाबा, तुम्ही सकाळी अर्धा तास बाहेर राहा; आई, तू दुपार कलल्यावर थोडा वेळ उजेडात बस. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तेवढ्या वेळापुरता काळा चष्माही नको.

खिडकीतलं ऊन चालणार नाही का, असं तू विचारशील. काचेतून उजेड येतो, पण खिडकीपासून दोन पावलं मागे सरकलं की तो झपाट्याने घटतो. आणि ड जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांमुळे तयार होतं, ते काच जवळजवळ पूर्ण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते किरण फार कमी असतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ड जीवनसत्त्व नावापुरतंच बनतं. त्यासाठी दुपारच्या आसपास हात कोपरापर्यंत उघडे ठेवून थोडा वेळ बसावं लागतं. वयाबरोबर कातडीची ही ताकद उतरते, म्हणून नुसत्या उन्हावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

कपड्यांत एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. अंगालगत घाम न धरणारं काही हवं. सुती बनियन एकदा ओलं झालं की अंग गार पाडतं. त्यावर लोकर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. निघताना किंचित गार वाटलं तर कपडे बरोबर आहेत. आधीच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येईल. आई, तू मफलर नाकातोंडावरून घे, म्हणजे छातीत जाणारी हवा आधी गरम होईल. गार हवेने दमा उसळतो. निघण्याआधी पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठेव.

घरातच पाच मिनिटं हातपाय हलवून घ्या, मग बाहेर पहिली दहा मिनिटं सावकाश चाला. पुढे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटं झाली की झालं. आई, तू दहा मिनिटांपासूनच सुरुवात कर. घामेजल्या अंगाने वाऱ्यात गप्पा मारत उभं राहू नका. छातीत दडपण आलं, जबडा किंवा हात भरून आला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबा. पाच मिनिटांत उतरलं नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. उतरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र वाढते, म्हणून जाताना आणि आल्यावर पाणी प्या. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तेवढंच. बाबा, रक्तदाब आल्या आल्या मोजू नका, अर्धा तास बसून मग मोजा आणि लिहून ठेवा. हिवाळ्यात आकडे थोडे वर सरकतात. ते सतत वर राहिले तर वही डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतः वाढवू नका.

दाट धुकं असेल, हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) २०० च्या वर असेल किंवा रस्ता निसरडा असेल, त्या दिवशी घरीच थांबा. जड खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर दहा-दहा सेकंद उभं राहण्याचा सराव करा. तोल सांभाळायला तो उपयोगी पडतो.

आता बूट. बाबा, घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्त कमी पोचतं आणि पाय उलट जास्त गारठतात. बुटांचे तळ पालथे करून बघा. टाचेकडची नक्षी घासली असेल तर बूट बदलायचे. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात, तेव्हा जाड मोजे घालून, कागदावर उभं राहून दोघांच्याही पावलांची रेघ काढा आणि फोटो मला पाठवा. मी त्या मापाचे बूट पाठवते.

तुमची,
लेक