घारापुरीला जाण्याआधी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सासूबाईंना आणि पिल्लूला घेऊन घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला, जाणार म्हणालीस. दिवस ठरवताना सुट्टी बघशीलच, पण आधी कालनिर्णयमधली तिथी बघ. लेणी सोमवारी बंद असतात हे सगळे सांगतात, तिथीचं कुणी सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाला बोटीत चढवणं-उतरवणं सोपं जाणार की कठीण, ते तिथीवर ठरतं.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चाल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा मुंबई बंदरात पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि नेमकी परतीच्या वेळी, पाच-साडेपाचला, ओहोटी येते. धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि बोट खूप खाली जाते. पाय घसरतात ते तिथेच. म्हणून अष्टमी ते दशमीतला दिवस घे, शुक्ल किंवा कृष्ण कुठलाही पक्ष चालेल. तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, आणि परतताना भरती असते. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात त्यांना नेऊच नकोस.

गेटवेवरून नऊच्या सुमाराची बोट धरा. बोटी एकमेकींना खेटून लावलेल्या असतात, एकीतून दुसरीत जावं लागतं. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवरच्या पिशवीत आणि पायात पट्ट्याची चप्पल. लाटेने बोट वर आली, पायरीच्या पातळीला आली, की पाऊल टाकायचं. खाली जात असताना कधीच नाही. खलाशाला बोटं देऊ नका, मनगट धरू द्या. दोन बोटींच्या मधल्या फटीत पिल्लूचा हात जाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. बोटे चेंगरतात ती तिथेच.

लाइफ जॅकेट बोट सुटायच्या आत घाला. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीलाच निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली. नुसतं गळ्यात अडकवून उपयोग नाही, पट्टे ओढून बकल लाव. पिल्लूचं जॅकेट खांद्यांना धरून वर उचलून बघ. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, लहान मापाचं मागून घे. संकोच करू नकोस.

प्रवास तासाभराचा. सासूबाईंना बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच द्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. वरच्या मजल्यावर हेलकावे जास्त, म्हणून खाली, मधोमध किंवा मागे बसा. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि परतताना बोट पश्चिमेला असते, म्हणून तुषार उजव्या बाजूने येतात. डावीकडे बसलात तर कोरडे राहाल.

तिथला धक्का लांबच लांब आहे, कारण किनाऱ्याजवळ सगळा चिखल. छोटी गाडी असते, त्यांना तीत बसव. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोली मिळते, पण भाडं आधी ठरव. माकडं हातातली पिशवी आणि बाटली ओढतात, खाऊ बाहेर काढूच नका.

पहिल्या लेण्यात घाई करू नका. दक्षिणेकडच्या भिंतीतला सदाशिव, तीन चेहऱ्यांची शिवमूर्ती, सुमारे 18 फूट उंच आहे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या, मग मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ बघ. शेजारचे अर्धनारीश्वर आणि गंगाधर सोडू नका. बाकीची लेणी अर्धवट राहिलेली किंवा पडझडीची आहेत, सासूबाई दमल्या असतील तर ती खुशाल सोडा. तोफांची टेकडीही सोडा.

एक मात्र मनापासून सांगते. ते गाव आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या. उरण तालुक्यातली ग्रामपंचायत. समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती 2018 मध्ये. जेवण तिथेच, गावच्या बायकांकडे घ्या. अंगणात डोकावून, न विचारता फोटो काढू नका, आणि प्लास्टिक परत घेऊन या. तिथे टाकलेला कचरा पुन्हा बोटीनेच न्यावा लागतो.

परतीचं तिकीट जपून ठेव, उतरतानाच शेवटची बोट किती वाजता ते विचार आणि तिच्या आधीच्या बोटीने निघा. शेवटच्या बोटीला रेटारेटी असते. पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही.

तारीख ठरली की कळव, तिथी मी पडताळून सांगते.

तुझी,
आई