किराणा दुकान चालवणाऱ्या मावशींना आभारपत्र

आदरणीय मावशी,

जय ख्रिस्त.

वडिलांच्या आजारपणात कॉलेजची फी भरता यावी म्हणून तुम्ही मला आपल्या किराणा दुकानात संध्याकाळचे काम दिलेत, त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. पगाराशिवाय जे मिळाले, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तागडीवर साखर तोलताना तुम्ही वजनाच्या पारड्यातही तशीच एक रिकामी कागदी पिशवी ठेवत असा, कारण पिशवीचा भार गिऱ्हाइकाच्या साखरेतून वजा होता कामा नये. दुकानात गर्दी असो, समोर लहान मूल असो, की गिऱ्हाइकाचे लक्ष रस्त्याकडे असो, हा नेम चुकला नाही. ‘चार-पाच ग्रॅमने कोणाचे काय बिघडते?’ असे मी विचारले, तेव्हा खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो, हे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातले वचन सांगून तुम्ही पुढची यादी वाचायला घेतलीत.

आपल्याकडे चर्चमध्ये देवाच्या कृपेची साक्ष द्यायची म्हटली की लोक मोठा आजार बरा झाल्याचे सांगतात, आणि ते सांगावेही. पण जास्त आलेले दोन रुपये परत केल्याची किंवा जिभेवर आलेला टोमणा गिळल्याची साक्ष द्यायला कोणी उभे राहत नाही. (राहिलेच, तर लोक हसतील.) माझ्या मते विश्वासाचा बराचसा व्यवहार तिथेच चालतो. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझा यांची गोष्ट मला तुमच्याकडूनच कळली. १८९७ मध्ये वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी मठातच निवर्तलेल्या या कार्मेलाइट संन्यासिनी संघातल्या भगिनीने, कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून मळके पाणी तोंडावर उडत असतानाही, मागे सरून तोंड पुसण्याचा मोह आवरला होता. पुढे १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना चर्चच्या आचार्यांमध्ये स्थान दिले.

रविवारच्या मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी शांतीची खूण देताना, बांधाच्या वादावरून अबोला धरलेल्या जाऊबाईंकडे तुम्ही सर्वांत आधी वळत असा. त्या कधी हात जोडत, कधी नुसत्या पाहत. तुमचा क्रम मात्र बदलला नाही.

आता मी एका कार्यालयात हिशेब पाहते. बाहेरच्या कामाला पायी गेले असेन, तर प्रवासभत्त्याच्या बिलात रिक्षाभाड्याची ओळ मी कोरी ठेवते. ही सवय तुमची आहे, आणि तिच्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आपली नम्र,
दुकानातली जुनी मदतनीस