आई-बाबा, डिसेंबरात या, बंदर बघू

ती. आई-बाबा,
सा. न.

फोन रोज होतो पण फोनवर जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाऊस किती, यातच वेळ जातो आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून हे पत्र. सरळ मुद्द्यावर येतो, यंदा डिसेंबरात इकडे यायचंच. थंडी असते, घामाच्या धारा नसतात, आणि मला तुम्हाला मुंबईचं बंदर दाखवायचंय. मुंबई तुम्ही बघितलीय हो, बाबांनी तर गिरगावात इतकी वर्षं काढलीत. पण सईला शाळेत बंदरावर प्रोजेक्ट होता त्या निमित्ताने हल्ली रविवारी आम्ही सगळं पायी फिरतोय, आणि प्रत्येक ठिकाणी वाटतं की अरे इथे बाबा पाहिजे होते.

कारण पहिल्या दिवशीच पंचाईत झाली. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून जे भाऊ दाजी लाड म्युझियम आहे तिकडे गेलो, 1872 चं आहे, आतले खांब आणि छत बघतच राहावं असं. तिथे काचेच्या कपाटात शिडाच्या गलबतांची छोटी मॉडेल्स आहेत. सईने विचारलं यातला मचवा कुठला आणि पडाव कुठला. आता हे मी काय सांगणार, मी विजयदुर्गचा असलो तरी वाढलो पुस्तकांत, हे बाबांनी नुसत्या डोलकाठीवरून सांगितलं असतं. बाहेर बागेत तो घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये इंग्रज त्याला उचलून इंग्लंडला न्यायला निघाले होते, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, मग ते तुकडे इथे आणून नंतर परत जोडले. जवळ जाऊन बघितलं की सांधे दिसतात. मी हात लावला, दगड उन्हाने चांगलाच तापला होता. (बुधवारी म्युझियम बंद असतं, आईच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.)

आता मुख्य गोष्ट. बाबा, तुम्ही विजयदुर्गाजवळच्या गिर्याला पाहुणे घेऊन जाता ना, ती आंग्र्यांच्या काळातली आरमारी गोदी दाखवायला, खडक फोडून काढलेली? तसलंच काम इथे इंग्रजांनी साधारण 1750 च्या सुमारास केलं, बॉम्बे डॉक. सुरतेहून 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडियांना बोलावून घेतलं ईस्ट इंडिया कंपनीने, आणि पुढे पिढ्यानपिढ्या वाडियांनी इथे मलबारच्या सागवानाची जहाजं बांधली. नव्या जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकायची पद्धत होती त्यांची. त्यांच्या जहाजांना इंग्लंडात मान होता कारण ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानात तेल असतं म्हणून तिथे ते टिकतात, आणि वाळवी-कीडही सागवानाला कमी लागते. 1813 साली इथे बांधलेल्या कॉर्नवॉलिस जहाजावर 1842 ला नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, विचार करा, आपल्या बंदरात बांधलेल्या लाकडावर बसून चीनचा तुकडा तोडला गेला. आणि 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली अजून जिवंत आहे! इंग्लंडात हार्टलपूलला, म्युझियम करून ठेवलंय, ब्रिटनमधलं पाण्यावर तरंगणारं सगळ्यात जुनं युद्धजहाज, आणि बनलेलं आपल्या मुंबईत.

मला मात्र याचा विचार करताना दुसरंच काहीतरी टोचतं. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांनी विजयदुर्गाखाली जाळलं, म्हणजे इकडे मुंबईची गोदी रुळत असताना तिकडे आपल्या घरापासून जवळच एवढी मोठी नाविक परंपरा एका मोहिमेत राख झाली. त्या आधी किती जहाजं बांधली, कुठल्या सुतारांनी बांधली, नावं सुद्धा नाहीत आपल्याला पाठ. वाडियांच्या जहाजांची नावं सापडतात पण आपल्या गिर्याच्या सुतारांची नाही, आणि म्हणूनच मला वाटतं बाबा तुम्ही जे पाहुण्यांना तोंडी सांगता ते सगळं कुठेतरी उतरवून ठेवायला पाहिजे. हे मी खरंच मनापासून सांगतोय.

बॉम्बे डॉक आज नेव्हीच्या डॉकयार्डात आहे, आपल्याला आत जाता येत नाही. पण गेटवेवरून अर्ध्या तासाची लाँच मिळते, तिच्यातून डॉकयार्डाची बाजू आणि उभ्या राहिलेल्या युद्धनौका दिसतात. घारापुरीचं नाव काढू नका, वर चढायला भरपूर पायऱ्या आहेत आणि बाबांचा गुडघा आधीच बोंबलतोय. गेटवेवर बसूनच भरपूर आहे. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी 1911 ला आले त्याची आठवण म्हणून बांधलं, पूर्ण झालं 1924 ला, आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची इंग्रज पलटण याच कमानीखालून बाहेर गेली. मला ते दुसरं कारण जास्त आवडतं, सईलाही.

आणि मग विक्रांत, आपली जुनी विमानवाहू युद्धनौका. बाबा, आठवतं ना, मी कॉलेजात असताना तुम्ही आलात तेव्हा आपण नेव्ही वीकला लायनीत उभे राहून चढलो होतो? अरुंद लोखंडी शिड्या, खालून विमानं वर आणायची ती प्रचंड लिफ्ट, आणि तुम्ही प्रत्येक जिन्याला रेलिंग घट्ट धरून. वर डेकवर गेल्यावर तुम्ही गप्पच झालात आणि मग 71 च्या युद्धाची गोष्ट सांगितलीत. ती गोष्ट मला आता तपशिलात कळलीय: तिच्या एका बॉयलरला तडे होते, पूर्ण वेगाने पळता येत नव्हतं, म्हणून तिला बंगालच्या उपसागरात ठेवली, आणि तिथूनच सी हॉक आणि अलीझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिलाच शोधत विशाखापट्टणमजवळ आली आणि तिथेच बुडाली. 1961 ला नौदलात आली, 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, 2001 पासून म्युझियम होती, 2012 मध्ये धोकादायक झाली म्हणून बंद केली आणि 2014 ला लिलाव होऊन दारूखान्यात, म्हणजे मुंबईतल्या जहाजं तोडायच्या यार्डात, तोडली. तोडू नये म्हणून लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, उपयोग झाला नाही.

आज तिची आठवण म्हणून लायन गेटजवळ एक शिल्प आहे, तिच्याच पोलादापासून केलेलं, आणि बजाजने तिच्या लोखंडातून मोटारसायकली काढल्या होत्या. शिल्प चांगलं आहे, पण सईने विचारलं की यावर चढायचं कसं, आणि मला वाईट वाटलं. इतकं मोठं बंदर, जहाजांवर उभं राहिलेलं शहर, आणि पोराला चढून बघायला एकही जुनं जहाज नाही! विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही तसंच, 2017 ला निवृत्त झाली, आपल्याच सिंधुदुर्गात निवतीजवळ म्युझियम करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती 2018 ला, पैशाचं जमलं नाही आणि 2020 ला गुजरातेत अलंगला तोडायला गेली. ती निवतीला उभी राहिली असती तर बाबा तुम्ही दर महिन्याला तिथे असता. आता गुलदार नावाची युद्धनौका तिथेच समुद्रात बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं चाललंय. ते व्हावं असं मनापासून वाटतं.

एक ठिकाण असं आहे जिथे आईला घेऊन जायचंय, भायखळ्याच्या फायर ब्रिगेडच्या हेडऑफिसला स्मारक आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकाईन जहाज फुटलं, पोटात कापूस आणि स्फोटकं एकत्र, आणि सोनंही. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. आजही 14 एप्रिलपासून अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात तो याच्यासाठीच. आई तुझी आजी माझगावला राहायची ना तेव्हा, काचा फुटल्याचं तू सांगितलं होतंस, ते नीट आठव आणि बाबांसारखंच तूही लिहून काढ, तुला शुद्धलेखनाची भीती वाटते ना तर फोनवर रेकॉर्ड कर, सईला पाठव, ती टाइप करेल.

भाऊच्या धक्क्यालाही जाऊ. आता तिथे मासळीचा बाजार, रेवस-मोऱ्याच्या लाँचा, मांडव्याची रो-रो, ट्रकांची गर्दी असं सगळं आहे, पण कोकणातली बोट इथूनच सुटायची. बाबा तुम्ही वळकटी टाकून डेकवर जागा कशी पकडायचात, मे महिन्यातल्या शेवटच्या बोटीला कशी चेंगराचेंगरी व्हायची, पाऊस लागला की बोट बंद म्हणून घरी पत्रच यायचं नाही, हे सईला तिथे उभं राहून सांगा. रामदास बोटीचंही सांगा, 17 जुलै 1947, गटारी अमावास्येच्या आदल्या दिवशी रेवसला निघालेली आणि सहाशेवर माणसं गेली. तुम्ही ती गोष्ट आजोबांकडून ऐकलेली आहे, माझ्याकडे फक्त पेपरातली.

तिकिटं मी काढतो. कणकवलीवरून तुतारीने या, दादरला उतरा, मी गाडी घेऊन येतो. बाबांची बीपीची गोळी आणि गुडघ्याचा पट्टा विसरू नका, आणि आई कुळीथपीठ जास्त आणू नकोस, मागच्या वेळचं अजून डब्यात आहे. तारीख मात्र लवकर कळवा, सीझनला वेटिंग लागतं.

तुमचा,
दीपू