ओंडक्यांची गाडी मापावर घ्या, वजनावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकातला सरपणावरचा लेख वाचला. फोडलेले जळण थोडे थोडे घेण्यापेक्षा ओंडक्यांची अख्खी गाडी दारात उतरवून घ्यावी, स्वस्त पडते, हा त्यातला सल्ला मला मान्य आहे. आमच्या घरीही असेच घेतात. पण लेखातला सगळा हिशेब टनावर मांडला आहे आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात ते तिथेच. माझी नोकरी वजनकाट्यावर गेली. लाकडाच्या गाड्या रोज डोळ्यांसमोरून जात, म्हणून हे लिहिते आहे.

ताज्या तोडीच्या लाकडात पुष्कळदा निम्मे वजन पाण्याचे असते. समजा, एक हजार किलो ओंडके घेतले. त्यात पाचशे किलो लाकूड आणि पाचशे किलो पाणी. ते वीस टक्के ओलाव्यावर येईपर्यंत वाळवले, म्हणजे नीट जळण्याजोगे केले, की हाती उरतात ६२५ किलो. बाकीचे ३७५ किलो हवेत उडून गेले, पण त्यांचे पैसे आपण लाकडाच्याच भावाने मोजलेले असतात. दुसऱ्या कोणी वर्षापूर्वी तोडलेला, वाळत आलेला माल त्याच भावाने घेतला असेल, तर त्याच्या वाट्याला कितीतरी जास्त जळण येते. काटा दोघांसाठीही खराच असतो.

आणि काटा खरा असला तरी त्यावर काय चढते ते पाहायला हवे. भरलेली गाडी चढते तेव्हा ड्रायव्हर आणि क्लीनर आत बसलेले असतात. रिकामी चढते तेव्हा दोघेही खाली उतरून पलीकडे उभे. दोन माणसांचे वजन लाकडात जमा झाले! मी खिडकीतून हाक मारून त्यांना परत गाडीत बसवत असे. ऊन रखरखते असताना फाळक्याखालून पाणी ठिबकणाऱ्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. वाटेत कुठेतरी ओंडक्यांवर पाइप मारलेला असे. ज्यांना वजनावरच घ्यावे लागते, त्यांनी भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची अशा दोन्ही पावत्या मागाव्यात आणि शक्य असेल तर काट्यापर्यंत स्वतः जावे.

पण त्याहून चांगले, मापावर घ्यावे. ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर घ्यायचा. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, ही लाकडाच्या व्यापारातली जुनी रीत. एक मीटर घेराचा, तीन मीटर लांबीचा ओंडका या रीतीने ०.१८७५ घनमीटर भरतो. गोलाच्या नेमक्या सूत्राने तोच ०.२३९ घनमीटरच्या आसपास येतो. फरक लहान नाही, सत्तावीस टक्क्यांचा आहे. म्हणून भाव कोणत्या रीतीचा आहे हे आधी विचारावे. भाव एका रीतीचा आणि माप दुसऱ्या रीतीचे, असे होऊ देऊ नये. फोडून रचलेल्या ढिगाचे माप घेतले तर त्यात फटीही मोजल्या जातात. नीट रचलेल्या एका घनमीटर ढिगात भरीव लाकूड साधारण दोन तृतीयांशच असते, आणि नुसत्या ओतलेल्या ढिगात त्याहूनही कमी.

मापावर घेताना जात मात्र बघावी लागते. सुके लाकूड किलोला किलो जवळपास सारखीच धग देते, पण बाभळीचा घनमीटर आणि सावरीचा घनमीटर यांच्या वजनात मोठी तफावत असते.

लेखात वाळवणीबद्दल एकच वाक्य आहे, तेही 'ओंडके रचून ठेवावेत' एवढेच. सालीसकट लांबच्या लांब पडलेला जाड ओंडका वर्षभरानेही आतून ओलाच निघू शकतो, कारण पाणी टोकांतून लवकर जाते आणि सालीतून फारच थोडे. गाडी आली की शक्य तितक्या लवकर तुकडे करून फोडावेत. बहुतेक लाकूड ओले असताना फुटतेही बरे. चिरफळ्या जमिनीला टेकू न देता दोन आडव्या वाशांवर रचाव्यात. वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेल्या ढिगाला बुरशी धरते. ओलावा मोजायचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते तुकड्याच्या टोकाला लावू नये. तुकडा नव्याने फोडून आतल्या अंगाला लावावे. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. सुके टणकन वाजतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो.

ओले जाळले तर एक किलो पाण्याची वाफ करण्यातच सहाशे किलोकॅलरीहून जास्त उष्णता खर्च होते. शिवाय धुरांड्यात डांबरासारखा काळा थर धरतो आणि तो पेट घेऊ शकतो. हे लेखात यायलाच हवे होते.

गाडी उतरवण्याची जागा कठीण असावी, वर विजेच्या तारा नसाव्यात. खाली आडवे वासे टाकले तर करवतीची साखळी मातीत जाऊन बोथट होत नाही. ढिगाच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकाव्यात, ओंडके वरूनच काढावेत, आणि मुलांना ढिगावर अजिबात चढू देऊ नये. घरंगळलेला ओंडका हाताने थांबत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की लेखातला दरांचा तक्ता घनमीटरवर पुन्हा मांडून छापावा, आणि त्यात लाकडाची जात व तोडीचा महिना असे दोन रकाने वाढवावेत. थंडी जवळ आल्यावर छापलात तर उशीर होईल, कारण तेव्हा घेतलेला ओला माल त्या थंडीत वाळत नाही. या महिन्यातच छापावा.

आपली,
वजनकाट्यावरून निवृत्त झालेली एक वाचक