त्या मेजर मॅडमच्या इंटरव्ह्यूबद्दल

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू बोललास ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलो. तुमच्या चाकणच्या वेअरहाऊससाठी त्या मॅडम येणारेत ना, आर्मी सर्व्हिस कोअरमधनं मेजर होऊन बाहेर पडलेल्या, आणि तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं की कॉर्पोरेटचा अनुभव नाही, बघू. अरे सर्व्हिस कोअर म्हणजे रसद. लडाखला बर्फाने रस्ते बंद व्हायच्या आत अख्ख्या हिवाळ्याचं पीठ, डाळ, रॉकेल, डिझेल वर पोचवून ठेवावं लागतं, घाटात एक गाडी बंद पडली की मागची सगळी लाईन थांबते. त्यांना तेच विचारा, किती गाड्या सांभाळल्या, हाताखाली किती माणसं होती, माल वेळेत नाही पोचला तेव्हा काय केलं. लग्न, मुलं, नाईट शिफ्ट जमेल का, हे तुम्ही पुरुष उमेदवाराला विचारता का?

आपल्या कॅम्पातल्या मावशी, मिलिटरी नर्सिंगमधनं रिटायर झालेल्या, त्यांच्यासोबत मी नोव्हेंबरात एका बँकेत गेलो होतो, हयातीच्या दाखल्याचं काम होतं. काउंटरवरच्या पोराने कागद उलटसुलट केले आणि विचारलं, मिस्टर कुठल्या युनिटला होते? मावशी म्हणाल्या, मिस्टर शाळेत शिक्षक होते, पेन्शन माझी आहे. तरी त्याने फॅमिली पेन्शनचाच, म्हणजे नवऱ्यामागे बायकोला मिळते त्या पेन्शनचा फॉर्म पुढे सरकवला. मावशींनी तो परत सरकवला आणि पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरवरच्या, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं रे ते. आयुष्य मिलिटरी हॉस्पिटलात काढलेल्या बाईला आपण सैनिक म्हणून ओळखतच नाही.

आणि हे आजचं नाही. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये एका नर्सिंग ऑफिसरला नोकरीवरून काढलं होतं, तिला न्याय मिळाला २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने ६० लाख द्यायला लावले. १९९२ पासून बायका नर्सिंग-मेडिकल सोडून बाकीच्या शाखांत ऑफिसर व्हायला लागल्या पण बहुतेकींना शॉर्ट सर्व्हिसच, फार तर १४ वर्षं, आणि ऑफिसरच्या पेन्शनला २० लागतात. म्हणजे चाळिशीच्या आसपास बाहेर, पेन्शन नाही, नवी नोकरी शोधा. बायकांनाही परमनंट कमिशन, म्हणजे रिटायर होईपर्यंतची नोकरी, द्या असा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला २०२० मध्ये, तोवर कितीतरी जणी तशाच घरी गेल्या.

आपल्या नाशिकमधल्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमधनंच अभिलाषा बराक २०२२ मध्ये आर्मीची पहिली महिला कॉम्बॅट एव्हिएटर, म्हणजे लढाईच्या कामासाठी हेलिकॉप्टर उडवणारी, झाली, तेव्हा सगळ्या नाशिकने फोटो फॉरवर्ड केले. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात कुलगुरू म्हणून लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर आल्या तेव्हाही आपल्याला केवढा अभिमान. छानच आहे ते, पण वर्दी उतरवून बायोडेटा घेऊन दारात आलेलीला आपण काय देतो, मला त्याची जास्त काळजी वाटते. आता अग्निवीर मुलीही आहेत, त्यातल्या बऱ्याच जणी चार वर्षांनी बाहेर पडणार, पंचविशीच्या आतबाहेर.

तुमच्या एचआरला सांग, पुढची व्हेकन्सी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा, तिथे माजी सैनिकांची नोंद असते, आणि बायकांचे बायोडेटा मुद्दाम मागा. मॅडमचा इंटरव्ह्यू तू स्वतः घे, दुसऱ्यावर टाकू नकोस. झाला की फोन कर, मावशीपण विचारतायत.

तुझा,
बाबा